हनुवटीपर्यंत पदर

निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती, पण वाशीच्या आमच्या घरात सासूबाईंचं राज्य होतं आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. चौथ्या दिवशी सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळालं. आरशात पाहिलं. अर्धं तोंड वाकडं झालं होतं, डावा डोळा मिटत नव्हता.

सासूबाई धावत आल्या त्या माझ्याकडं नाही. त्यांनी आधी पोर उचलली.

"हिला तोंड दावू नगंस. लेकरू बघंल तसं शिकतंय. उद्या हिचं लगीन कसं व्हायचं?"

तेव्हापासून पाजताना डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर. पाजून झालं की पोर त्यांच्या मांडीवर. मी त्या बाईचा मनापासून राग केला आणि त्या मेल्या तरी तो गेलेला नाही. नवरा कळंबला मास्तर. शनिवारी एसटीनं घरी आला तेव्हा मी रडून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई म्हणते तर घे पदर. काय बिघडतंय?" दुसऱ्यांची मुलं शहाणी करायला निघाला होता मेला!

पोर वीस दिवसांची असेल. सासूबाई आडावर गेल्या आणि मी पदर फेकला. ती माझ्याकडं बघायला लागली. आता काय करावं, सुचेना. हसू अर्धंच येत होतं. जीभ मात्र सरळ निघत होती, म्हणून ती हळूच बाहेर काढली. पोर टक लावून बघत राहिली, आणि मग तिची इवलीशी जीभ ओठांवर आली. मी पुन्हा काढली. तिनंही काढली. मी हसले, तोंड हसेल तेवढं.

दारात सासूबाई घागर घेऊन उभ्या होत्या.

"बघितलंस? लागली का न्हाय तुझं उचलायला?"

पोर खरंच उचलत होती. जीभ उचलली, वाकडेपणा नाही, हे मी ओरडून सांगितलं, पण ऐकतंय कोण! त्या दिवसापासून पाजताना त्या समोर बसायला लागल्या.

तीन महिन्यांनी तोंड सरळ झालं. सासूबाईंनी माझी हनुवटी धरून बाजारात बैल बघावा तसं दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "आता दाव."

मी पोरीला पाजायला घेतलं आणि पदर काढला. पोर पिता पिता थांबली, माझ्याकडं बघितलं आणि ओठ काढून रडायला लागली. काही केल्या थांबेना. सासूबाई पुढं वाकल्या, त्यांनी ओठांचा चंबू केला. पोरीनं रडं गिळलं आणि हुबेहूब तसाच चंबू केला.

मी पदर परत हनुवटीपर्यंत ओढला. मग ती गुमान प्यायला लागली.