तीन बोटं आखूड

काल गाडी वार्षिक तपासणीला नेली, तेव्हा गॅरेजच्या आतल्या बाजूला कोणीतरी सळई कापत होतं. कापल्या जाणाऱ्या पोलादाला एक वास असतो. किंचित जळकट, किंचित तेलकट, जिभेवर नाणं ठेवल्यासारखा. त्या वासाने मी उभ्या जागी दहा-बारा वर्षं मागे गेलो आणि अपराधी चेहरा करून उभा राहिलो. तेवढ्यात मेकॅनिक गाडीत बसला. त्याचा डावा हात सवयीने गिअरच्या दांड्याकडे गेला, हवेतच चाचपडला आणि मग पार खाली, जवळजवळ सीटच्या पातळीला, त्याला दांड्यावरचा गोळा सापडला. "हे कोणी केलं?" त्याने विचारलं. आधीच्या न्हाव्याबद्दल नवा न्हावी विचारतो ना, तसं. मी छाती पुढे काढून म्हटलं, "मी."

गाडी आईची. लाल, छोटीशी, दोन सीटची, छप्पर मागे सरकणारी. बर्मिंगहॅमच्या इस्पितळात आईने तीसेक वर्षं भूल दिली, आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात कोणालाही न विचारता ही जुनी गाडी घरासमोर आणून उभी केली. बाबा तेव्हा नव्हते. असते तरी तिने विचारलं नसतं. "आयुष्यभर लोकांना झोपवलं," ती म्हणाली, "आता मला जागं राहायचंय." चार फूट अकरा इंचांची बाई, अंगात कार्डिगन, शेजारच्या सीटवर मेथीच्या जुड्या, आणि छप्पर उघडं. आमच्या गल्लीतली माणसं आधी हसली, मग हात हलवायला लागली.

ती पंच्याहत्तरीला आली आणि तिचा डावा खांदा धरला. इथे गिअर डाव्या हाताने टाकायचा. उंची कमी म्हणून सीट पार पुढे ओढलेली, आणि त्या गाडीचा दांडा चांगला लांब, त्यामुळे दुसऱ्या गिअरसाठी कोपर पाठीमागे न्यावं लागे. खांदा तिथे ठाम नकार देई. माझा थोरला भाऊ केंब्रिजला संशोधन करतो, म्हणजे जेवणाच्या टेबलावरसुद्धा तो धोका टक्क्यांत सांगतो. त्याने फोनवर विषय काढला.

"आई, आता तुझं वय बघ."

"बघितलं. पासपोर्टवर लिहिलेलं असतं."

"निदान ऑटोमॅटिक तरी घे."

"ऑटोमॅटिक म्हणजे वॉशिंग मशीन. बटण दाबायचं आणि बाजूला उभं राहायचं."

शेवटी तह झाला. रविवारी दादा येईल, आई त्याला शेजारी बसवून एक फेरी मारेल. एकदा जरी गिअर अडखळला, तर किल्ल्या त्याच्या हातात. गिऱ्हाईक त्याने पाहूनच ठेवलं होतं. दादाला फक्त गाडी दिसत होती. आईला त्या किल्ल्यांबरोबर देवळात जाणं, मैत्रिणी, भाजी, आपल्याला हवं तेव्हा उठून निघणं, असं सगळंच जाताना दिसत होतं. तसं ती बोलली मात्र नाही. शनिवारी सकाळी मला फोन केला, "करवत घेऊन ये."

मी बँकेत काम करतो. घरात एक बल्ब बदलायचा तर मी आधी व्हिडिओ बघतो. पण आईने सगळा विचार केला होता. खांदा हलत नसेल तर खांद्याला हलवायचं नाही, दांडाच आखूड करायचा. आखूड दांड्याचं टोक कमी फिरतं, नुसत्या मनगटावर गिअर पडतो. "वरून तीन बोटं काप," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. आमच्या घरात मोजपट्टी ही परक्यांची वस्तू. भातातलं पाणी पेराने, ब्लाउजची शिवण बोटाने, पडद्याची लांबी वितीने. ह्या देशात चाळीस वर्षं काढून आम्ही मैल शिकलो, पाउंड शिकलो, पण इंचावर आमचा विश्वास कधी बसला नाही.

मी गोळा फिरवून काढला, दांड्यावर तीन बोटं टेकवली, खडूने खूण केली आणि करवत चालवली. अर्धा तास लागला. तुकडा खाली पडला आणि दोन गोष्टी एकदम लक्षात आल्या. एक म्हणजे, गोळा ज्या आट्यांवर बसतो ते आटे तुकड्याबरोबरच गेले होते. दुसरी आईच्या लक्षात आली. ती हात पुसत बाहेर आली, तुकडा उचलला आणि त्यावर आपली बोटं ठेवली. तीन बसली. चौथंही बसलं.

"तुला तुझी बोटं वापरायला कोणी सांगितलं होतं?"

माझी बोटं बाबांच्या वळणावर गेली आहेत, वांग्यासारखी.

आटे शेजाऱ्यांनी पाडून दिले. ते बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात अवजारं बनवण्यात म्हातारे झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. गोळा बसवून त्यांनी एकदा गिअर टाकून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "दांडा जितका आखूड तितका जोर जास्त लागतो, हे त्याला माहीत नव्हतं का?" असं त्यांनी आईला विचारलं. मला नाही, आईला. मी हलवून पाहिला. पहिला गेला, दुसऱ्यासाठी दोन्ही हात लावावेसे वाटले. रात्रभर मला दादाच्या हातात किल्ल्या दिसत राहिल्या.

रविवारी ते दोघं निघाले. सीटा दोनच, म्हणून मी आणि शेजारी फाटकाशी उभे. गाडी सुटली, कोपऱ्याजवळ इंजिनाचा आवाज चढला, क्षणभर थांबला, आणि उतरून पुढे गेला. शेजारी म्हणाले, "सेकंड." एवढंच. मग वीस मिनिटं काहीच नाही. दोन कप चहा गार झाला.

परत आले तेव्हा आईच चालवत होती आणि दादा स्वतःचा पंजा चोळत होता. चढावर त्याने तिला थांबवून स्वतः चालवून पाहिली होती. "मला दुसरा पडला नाही," तो म्हणाला. संशोधकाने प्रयोगाचा निकाल सांगावा तसं, पण जरा हळू. "मागे बस होती. तो ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मग आई बसली आणि..."

आईने डावा हात पुढे केला, सांधे किंचित सुजलेला, लहानसा. "अरे, ह्या हाताने मी तीस वर्षं मास्क धरलेत. भूल दिलेल्या माणसाचा जबडा उचलून धरावा लागतो, तासन् तास, नाहीतर श्वास अडतो. खांद्याचं तिथे काय काम? सगळं मनगटात." मग माझ्याकडे वळून, "आणि तू शहाणा आहेस असं कोणी समजू नये. हे चुकून जमलंय."

सोमवारी तिने विमा कंपनीला फोन केला, कारण गाडीत केलेला बदल कळवावा लागतो. पलीकडच्या मुलीने विचारलं, ह्याने गाडीची कामगिरी वाढते का? "हो, फार," आई म्हणाली. हप्ता वाढला. तिने तो अभिमानाने भरला.

त्यानंतर ती चार वर्षं हिंडली. मग एका सकाळी, कोणी काही म्हटलेलं नसताना, तिने किल्ल्या माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या. "आता मला कंटाळा आला," म्हणाली. खरं कारण तिने डोळ्यांच्या डॉक्टरला सांगितलं असेल, आम्हाला नाही. आता तीही नाही.

काल मेकॅनिक म्हणाला, जुन्या मापाचा लांब दांडा मिळतो, दहा मिनिटांत बसवतो, तुमचे हाल वाचतील. माझे हाल खरेच होतात. माझे खांदे धड आहेत, पण ते मनगट नाही; दुसरा गिअर अजून मला दर चौकात विचार करायला लावतो. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, का? मी म्हटलं, माझी गाडी आहे. एवढं ताठ मी बँकेतसुद्धा कधी बोललो नव्हतो.

घरी येऊन खणातून तो कापलेला तुकडा काढला. त्यावर तीन बोटं ठेवली, अगदी चपखल बसली. माझीच होती ना. त्या तुकड्यावर आईचं माप नाही, ते कशावरच राहिलेलं नाही. भातात मी अजून पेरानेच पाणी घालतो आणि माझं पेर मोठं, म्हणून रोज भात जरा गिचका होतो. बायको म्हणते, मोजायचा कप आणलाय, तो वापर. मी तो कप फडताळात वर ठेवून दिला आहे, आणि गिचका भात मुकाट्याने खातो.