अबोली सापडली नाही

परब मॅडमची जुनी साडी कधी बोहारणीकडे गेली नाही. ती थेट विद्यापीठात, आमच्या जीवशास्त्र विभागात यायची. पीएच.डी.च्या पहिल्या दिवशी मी घाबरत त्यांच्या खोलीत गेले, तर बाई टेबलावर एक मोरपंखी साडी पसरून उभ्या. नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर. ओढ जोरात. बघतेस काय, कपडाच आहे तो."

विक्रोळीच्या खाडीतल्या काही तिवरांची वाढ मॅडम वर्षानुवर्षं मोजत होत्या. पण कांदळवनात सगळी झाडं सारखीच दिसतात. पत्र्याचे बिल्ले लावले की भंगारवाले काढून नेत, प्लास्टिक मॅडमना चालत नसे, आणि मोबाईलवर जागा कळे, नेमकं झाड कळत नसे. म्हणून या सुती चिंध्या. मोजायच्या झाडांचे चार पट्टे पाडलेले; प्रत्येक पट्ट्यातल्या झाडांना एका रंगाची साडी, त्यामुळे आमच्या पट्ट्यांची नावं मोरपंखी, हळदी, चटणी आणि अबोली. चिंध्या कुजल्या की त्याच रंगाच्या पुन्हा बांधायच्या. दुकानात मॅडम साडी निवडायच्या ती आपल्याला शोभते का हे न बघता, पुढे कोणत्या पट्ट्याला तो रंग लागणार हे बघून. तसं त्यांना शोभायचंही सगळंच.

अबोली हा त्यांचा सगळ्यात जुना पट्टा, त्यांच्या स्वतःच्या पीएच.डी.चा. त्यावर त्यांचा फार जीव.

माझं घराणं जालन्याकडचं. आमच्यात कुणी खाडीत पाय घातला नव्हता. पहिल्यांदा गुडघाभर चिखलात रुतले तेव्हा मी चक्क किंचाळले. मॅडम मालवणच्या; त्या पुढून वळून म्हणाल्या, "चिखलाक कित्याक भितंस गो? तो काय खाता?" एरवी आमच्याशी बोलायच्या मुंबईचंच, पण चिखलात उतरल्या की गाव जिभेवर यायचं. आणि कुणीही काही निष्कर्ष सांगायला लागलं की एकच प्रश्न: "वाटतंय की दिसतंय?" वाटत असेल तर परत जा, बघून ये. या प्रश्नाने त्यांनी भल्याभल्यांची वाट लावलेली मी पाहिली आहे.

मग त्या आजारी पडल्या. पोटातलं दुखणं, उशिरा कळलेलं. मुलुंडला धाकट्या बहिणीकडे, शैलाताईंकडे त्या राहत. तिथूनच फोनवर झाडांची चौकशी करायच्या. अशात एका कॉलेजच्या मुलांनी खाडीवर स्वच्छता मोहीम काढली. पोरांनी मनापासून काम केलं. बाटल्या, पिशव्या, थर्माकोल सगळं उचललं आणि झाडांना अडकलेल्या चिंध्याही एकूण एक सोडून नेल्या.

मॅडमना सांगायची माझी हिंमत होईना. शेवटी सांगितलं, तर म्हणाल्या, "पोरांचं काय चुकलं? चिंधी ती चिंधीच दिसणार. उद्या मला बांधावर ने."

डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केली होती. शैलाताई रडल्या, भांडल्या आणि शेवटी स्वतःच खुर्ची घेऊन आल्या. खाडीच्या बांधावर मॅडमना बसवलं. पांढऱ्या साडीत त्या एवढ्याशा झाल्या होत्या. मी खाली चिखलात, त्या वरून हात करून सांगत होत्या. "त्या वाकड्याच्या डावीकडे जा. हां, तोच. हळदी." मोरपंखी मिळाली, हळदी मिळाली, चटणी मिळाली. अबोलीपाशी त्यांचा हात हवेतच थांबला.

"आठवत नाही गं, प्रज्ञा."

मी एका झाडाचा घेर मोजला. जुन्या आकड्याशी तो जवळपास जुळत होता. "मॅडम, हेच वाटतंय. बांधू?"

"वाटतंय की दिसतंय?"

मी खोडाला पुन्हा टेप लावली.

"तसा घेर इथे दहा झाडांचा असेल. नको बांधूस. लिही, अबोली सापडली नाही."

त्यांचं अर्धं आयुष्य त्या पट्ट्यात होतं. मी हो म्हटलं असतं तर त्या सुखाने घरी गेल्या असत्या. खोटं बोलावं असं मला फार, फार वाटलं. पण ज्या बाईने मला बघायला शिकवलं, तिलाच कशी फसवणार? मी चिखलात उभी राहून रडले आणि तसंच लिहिलं. मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या.

त्यानंतर त्या खाडीवर आल्या नाहीत. दिवाळीच्या आधी गेल्या.

महिन्याभराने शैलाताईंनी मला बोलावलं आणि ती पांढरी साडी पुढे ठेवली. "ताई म्हणालेली, प्रज्ञाला नवीन पट्टा सुरू करायला दे." काठाला अजून बांधावरची माती होती. आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. शेवटी मीच एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा, शैलाताई. ओढा. कपडाच आहे तो." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

दुसऱ्या दिवशी एकटीच खाडीत उतरले. नव्या पट्ट्यातल्या पहिल्या तिवराला पांढरी चिंधी बांधली आणि गाठ मारताना एकदम वाटलं, मागे बांधावर मॅडम बसल्या आहेत. अगदी खात्रीने वाटलं.

त्यांनी शिकवलं होतं, म्हणून वळून पाहिलं.

बांधावर कुणी नव्हतं.