हेमाची रीड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर मी गुपचूप खाल्लेला लाडूही लपवू शकत नाही. मग एवढंच कसं लपलं?

मी क्लॅरिनेट वाजवतो. मुंबईच्या एका वाद्यवृंदात जन्मभर दुसऱ्या खुर्चीवर बसलो, उरलेल्या वेळात बोईसरला घरी शिकवत आलो. चांगला शिक्षक म्हणून माझा सत्कारही झाला. शाल घेताना मी खाली बघत होतो. लोकांना तो विनय वाटला.

हेमा माझी विद्यार्थिनी. तारापूरच्या कोळीवाड्यातली, कारखान्यात पॅकिंगला. शिफ्ट सुटली की बसमधून उतरून थेट माझ्याकडे यायची. वाजवायची कशी? — माझ्यापेक्षा चांगली. हे मान्य करायलाच मला इतकी वर्षं लागली.

मग आमच्याकडची पहिली खुर्ची रिकामी झाली. निवडीला हेमाला बोलावणं आलं. माझी विद्यार्थिनी माझ्या वरच्या जागी बसणार — अभिमान वाटायला हवा होता ना? माझ्या पोटात दुखलं.

रीड म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बांधायची बोरूची पातळ पट्टी. नवी रीड रोज थोडी थोडी वाजवून मुरवावी लागते, नाहीतर ऐन वेळी दगा देते. हेमाने आपली रीड छान मुरवली होती. पण शेवटची नजर शिक्षकाने टाकायची, ही माझीच शिस्त. निवडीच्या सकाळी तिने ती माझ्यापुढे धरली.

"सर, ही चालंल ना?"

चालली असती. मी ती उजेडात धरली — आणि म्हणालो, "कडेला चीर गेलीय. ही घे, मी मुरवलेली."

मी दिलेली रीड कोरी होती. त्याच सकाळी डबीतून काढलेली.

सुरुवातीलाच ती चिरकली. मग पुन्हा. हेमाची निवड झाली नाही. परतताना मी गप्प बसू शकलो असतो, पण नाही बसलो. म्हणालो, "तुझा दम कमी पडतो गं." आणि तिची ती रीड? पुढच्या कार्यक्रमात मीच वाजवली. सुरेख वाजली.

हेमाने वाजवणं सोडलं. परवा बाजारात भेटली, सुके बोंबील विकत होती. नको नको म्हणत असताना माझ्या पिशवीत ओंजळभर टाकले. म्हणाली, "तुमी येवढं शिकवलंत, सर. माजाच दम कमी, काय करनार?"

माझं वाक्य ती इतकी वर्षं स्वतःचं म्हणून सांभाळत आली आहे.

हा कागद आता बायकोच्या हातात देईन आणि तारापूरला निघेन. माफी मागणार नाही — मागितली तर ती लगेच देऊन टाकेल, आणि मोकळा मी होईन. तिच्या दारात, तिच्या घरच्यांसमोर उभा राहून सांगायचं ते ठरलंय.

हेमा, तुझ्या रीडला चीर नव्हती. आणि दम — तो तुला पुरून उरत होता.