रविवारची शाळा

पंचफुलाचं लग्न झालं तेव्हा ती आर्णीच्या शाळेत नववीत होती. दप्तर माहेरीच राहिलं. उमरखेडला सासरी आल्यावर सकाळी शाळेची घंटा ऐकू आली की भाकर थापता थापता तिचा हात थांबे. नवरा धर्मपाल कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मायाळू माणूस, पण त्याला वाटे, बायकोला माहेर आठवतं.

मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका विमलताई एकदा नळावर तिच्याशी बोलत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “अगं, शाळेत नाव नसलं तरी मॅट्रिकला बसता येतं. बाहेरून.”

पंचफुला घरी पळतच आली. सासू तुळसाबाई तूर पाखडत होती. सगळं ऐकून म्हणाली, “धम्माची दीक्षा घेतली तवा शिका म्हणून सांगतलं होतं न? मंग बस परीक्षेले. संध्याकाळची चूल मी पाह्यतो.”

बाकीचे विषय तिने घरी वाचले. गणित मात्र अडलं. विमलताईंनी हेडमास्तरांना विचारून तिला रविवारी शाळेत बोलावलं. रिकामा वर्ग, फळ्यावर शनिवारचा सुविचार. पंचफुला थेट खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली.

“पुढं ये की.”

“राहू द्या बाई. आर्णीले मी अशीच खिडकीपाशी बसत होती.” मग जरा घुटमळून म्हणाली, “बाई, एक डाव हजेरी घ्या न.”

विमलताई हसल्या नाहीत. “कोणत्या नावानं घेऊ?”

“माहेरच्या. शाळेत तेच होतं.”

“पंचफुला पंजाबराव.”

“हजर,” ती उभी राहून म्हणाली, आणि पुढे कितीतरी वेळ भरल्या डोळ्यांना बाईंनी फळ्यावर मांडलेलं गणित दिसेना.

परीक्षा यवतमाळला झाली. पेपर सुटला की मुली घोळक्याने उत्तरं पडताळत, एकमेकींच्या वेण्या ओढत. ही कडुनिंबाखाली एकटी उभी. एकीने विचारलं, “ताई, तुमची शाळा कोणती?”

“मी बाहेरून,” पंचफुला म्हणाली. पोरगी “अच्छा” म्हणून मैत्रिणींत गेली.

निकालात गणित राहिलं. तेवढाच एक विषय पुन्हा द्यायचा होता. घरच्यांना वाईट वाटलं. पंचफुला मात्र रविवारी डोक्याला तेल लावून, दोन वेण्या घालून शाळेकडे निघाली. दुसऱ्या खेपेला तोही विषय सुटला.

धर्मपालने जिनिंगभर पेढे वाटले. घरी येऊन पाहतो तो बायको चुलीपुढे डोळे पुसत बसलेली.

“आता तं मॅट्रिक झाली न तू! मंग काहून रडून राह्यली?”

“पास झाली त्याचं बरंच वाटते जी,” ती म्हणाली. “पन आता रविवारी जायचं कुठं?”

धर्मपाल तिच्याशेजारी बसला आणि विझत आलेल्या चुलीत एक काडी सारली.