मर्नाच्या घरापर्यंतचं अंतर

चर्चच्या आजाऱ्यांच्या यादीत मर्नाचं नाव आलं तेव्हा जेवण पोचवायची पाळी आर्डिसची होती. मर्नाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. आर्डिसने टर्की-नूडल्सचं भांडं ओव्हनमधून काढलं, जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि रविवारी दुपारी गाडी काढली.

अठ्ठावन्न वर्षांची आर्डिस याच काउंटीत जन्मली होती, पण मर्नाच्या रस्त्याकडेच्या पत्रपेटीपासून आत ती कधी गेली नव्हती. कोण जाणार? मर्ना सगळ्यांशी भांडलेली. रस्त्याच्या धुळीवरून, कुत्र्यांवरून, चर्चच्या घंटेवरूनसुद्धा. पेटीपाशी वळून आर्डिस मातीच्या वाटेला लागली. वाट संपेचना. मक्याचं शेत गेलं, एक कोरडा ओढा गेला, तरी घर दिसेना. दिसलं तेव्हा आर्डिसने सहज गाडीच्या मीटरकडे पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं.

पेटीपासून पाव मैलाच्या वर झालं होतं. आणि सगळी वाट लोवेल रुझिच्काच्या गुरांच्या वाड्यांच्या दिशेने गेली होती.

“ठेव तिथे,” मर्ना खुर्चीतूनच म्हणाली. “मीठ घातलंयस ना? मागच्या खेपेला डोरोथीने आणलेलं खाऊन मला वाटलं, आजारी मी आहे की ती.”

आर्डिस भांडं घेऊन सिंकपाशी गेली. खिडकीतून गुरांच्या पाठी दिसत होत्या, काळ्या, चिकटून उभ्या, क्षितिजापर्यंत. त्यांच्या अलीकडे, कापलेल्या शेतात, खुंट्यांना बांधलेल्या नारिंगी फिती वाऱ्यावर फडफडत होत्या. ती नव्या वाड्यांची हद्द.

“बघतेस काय गं? वासही घे पोटभर. त्याला पैसे पडत नाहीत.”

“कधीपासून आहेत त्या फिती?”

“उन्हाळ्यापासून. बुधवारी तुमची ती परवानगीची सभा आहे ना? मला काही येता यायचं नाही, टाके ओले आहेत. आणि आले तरी माझं ऐकतंय कोण?” मर्ना हसली आणि लगेच पोट धरून कण्हली.

आर्डिसला निघताना हात मिळवायचंही सुचलं नाही.

कोर्टाच्या इमारतीतल्या काउंटीच्या कचेरीत एकोणीस वर्षं ती टायपिंग करत आली होती. मागच्या वर्षी कुठली जमीन कशासाठी वापरायची याचे नवे नियम आले, आणि ते राबवायचं काम घ्यायला कोणीच तयार होईना, तेव्हा काउंटीचा कारभार पाहणाऱ्या कमिशनरांनी ते तिच्या टेबलावर सरकवलं. “तुझं अक्षर चांगलं आहे,” एवढंच कारण. तिने ते मनापासून केलं. लोवेलचा अर्ज आला, चार हजार गुरांची संख्या नऊ हजारांवर न्यायची, तेव्हा नियमाप्रमाणे आजूबाजूची घरं नव्या वाड्यांपासून अर्ध्या मैलाच्या पलीकडे आहेत का हे तिला पाहायचं होतं. तिने नकाशा पसरला. नकाशावर घरं म्हणजे रस्त्याकडेचे ठिपके. टपालवाल्याच्या फेरीवरून काढलेले. खात्रीसाठी ती गाडी घेऊन रस्त्याने गेलीही, आणि मर्नाच्या पेटीपासून नव्या वाड्यांच्या हद्दीपर्यंत मोजलं. पाऊण मैल. इथे सगळे असंच मोजतात. कोणाचं घर किती लांब असं विचारलं की उत्तर पेटीपासूनच मिळतं. घर आत किती आहे हा ज्याचा त्याचा मामला. लाल पेन्सिलीचं वर्तुळ काढून तिने खाली सही केली होती.

आता पाऊण मैलातून ती वाट वजा करायची. घर चार दशांश मैलावर उरत होतं.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. मेल्विन बटाटे सोलत होता. त्याने सुरी खाली ठेवली नाही.

“तुझ्या सहीवर कोणी बोट ठेवलंय?”

“अजून नाही.”

“मग तू कशाला स्वतःचं बोट ठेवतेस?”

तेवढ्यात जोलीनचा फोन आला. लेकीचा आवाज उत्साहाने ओसंडत होता. “मॉम, तुझ्याकडे रिकामे खोके आहेत? केंटला लोवेलने पक्कं सांगितलंय. नव्या वाड्यांवर मुकादम, आणि ते पांढरं घर राहायला. कोलोरॅडोचा विचार आता विसरायचा. तू आहेस ना लाइनवर?”

“आहे गं.”

“मग बोल की काही!”

“खोके आहेत,” आर्डिस म्हणाली, “तळघरात.”

जावई गेली सहा वर्षं लोवेलकडे घोड्यावरून आजारी गुरं शोधायचं काम करत होता. परवानगी मिळाली नाही तर कोलोरॅडोतली नोकरी तो घेणार, आणि जोलीन व नातवंडं त्याच्याबरोबर जाणार, हे आर्डिसला ठाऊक होतं.

मंगळवारी सकाळी लोवेल स्वतः कोर्टात आला. उंच, पातळ, टोपी हातात घेऊन बोलणारा माणूस. काउंटरवर त्याने पांढऱ्या कागदातलं मांसाचं पुडकं ठेवलं. दर शरद ऋतूत ठेवायचा, सगळ्यांनाच द्यायचा. आर्डिसही दर वर्षी घ्यायची.

“फ्रीजरात टाक. चांगला तुकडा आहे.” मग टोपीची कड चाळवत तो म्हणाला, “मर्नाकडे गेली होतीस म्हणे.”

तिने पुडकं बाजूला सरकवलं. “जेवण पोचवायची पाळी होती.”

“काय नेलंस?”

“टर्की-नूडल्स.”

“वा. तिला आवडलं?”

“काही बोलली नाही.”

“ती बोलली नाही म्हणजे आवडलंच.” लोवेल हसला. हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही की गेलं, हेच तिला कळेना, आणि त्यानेच ती जास्त घाबरली. “लांब आहे ना तिची वाट? भांडं गार झालं असेल.”

त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावर विरेपर्यंत ती उभी राहिली. त्याला माहीत होतं. कदाचित पहिल्यापासून माहीत होतं. त्याने काहीच खोटं सांगितलं नव्हतं. सही तिची होती. पुडकं काउंटरवर पडून राहिलं. दुपारी कागदाखालून पाणी सुटायला लागलं तेव्हा तिने ते उचलून मागच्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवलं. घरी नेलं नाही.

बुधवारी संध्याकाळी सात वाजता कमिशनरांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. जोलीन तिसऱ्या रांगेत होती, धाकट्याला मांडीवर घेऊन. केंट दाराशी टेकून उभा होता. अध्यक्ष एल्डनने चष्मा लावला. मर्नाचं हरकतीचं पत्र त्याने वाचून दाखवलं. पत्र लांब होतं, चिडकं होतं, त्यात चर्चची घंटाही होती. मागून कोणीतरी म्हणालं, “घंटेला परवानगी द्यायची की नाही तेही ठरवा एकदाचं!” आणि खोली हसली. जोलीनही हसली.

“चला,” एल्डन म्हणाला. “आर्डिस, अंतराचं कलम वाच. मग मतं घेऊ.”

कागद तिच्यासमोर होता. पाऊण मैल, असं तिनेच टाइप केलेलं. नुसतं वाचायचं होतं. तिने कागद टेबलावर दाबून धरला. लेकीकडे पाहायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी पाहिलंच.

“मी पेटीपासून मोजलं,” ती म्हणाली.

“काय?”

“घरापासून नाही. पेटीपासून. घर आत आहे, वाड्यांच्या बाजूला. अर्धा मैल भरत नाही. चूक माझी आहे.”

खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. पहिल्या रांगेतला लोवेल सावकाश तिच्याकडे वळला. “आर्डिस, पेटी कुठे असते हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आजवर कोणी दुसरीकडून मोजलंय?”

“नाही,” ती म्हणाली. “कोणीच नाही.”

“आणि हे तुला कधी कळलं?”

“रविवारी.”

“रविवारी मला पत्ता लागू दिला नाहीस. सोमवारी नाही, काल समोर होतो तरी नाही.” त्याचा आवाज मुळीच चढला नाही. “शेजारी म्हणून विचारतो.”

भीती वाटत होती, हे खरं उत्तर होतं, पण समोर टाइपरायटर नव्हता, नि ते तोंडाने म्हणायचं धैर्य नव्हतं. एल्डनने मतदान पुढे ढकललं. सकाळी टेपने मोजायचं, दोन्ही बाजूंची माणसं हजर ठेवायची. जोलीन उठली, मुलाला कडेवर घेतलं आणि आईच्या टेबलाजवळून न थांबता निघून गेली.

सकाळी वारा उत्तरेकडून होता, म्हणून वास कमी होता. लोवेलने स्वतः न येता केंटला पाठवलं. टेपचं एक टोक आर्डिसने मर्नाच्या भिंतीला धरलं, दुसरं घेऊन जावई चालू लागला. शंभर फुटांवर तो थांबे, जमिनीत सळई रोवे, आकडा ओरडे. ती वहीत लिही. मर्ना शाल गुंडाळून पायरीवर आली होती.

चौदाशे. पंधराशे. केंटचा आवाज खाली येत गेला. अर्धा मैल म्हणजे सव्वीसशे चाळीस फूट. आपली नजर चुकली असेल, वाट वेडीवाकडी असेल, आकडा भरेल, असं आर्डिसला अजून वाटत होतं, आणि असं वाटतंय याची लाजही वाटत होती. टेप संपला की टोक पुढे न्यायला ती चालत जाई. ढेकळांत पाय मुरगळत होते.

एकवीसशे दहावर केंट नारिंगी फितीपाशी पोचला. तिथेच उभा राहून तो तिची वाट पाहू लागला.

“लिहिलंत?” ती जवळ आल्यावर त्याने विचारलं.

“लिहिलं.”

त्याने टेप गुंडाळला. बराच वेळ लावून, नीट, मातीचा कण न ठेवता. मग तो तिच्या हातात दिला.

“कोलोरॅडोवाल्याला मी दुपारी फोन करतो, मॉम,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तिला राग हवा होता. “जोलीनला मात्र तुम्हीच सांगा. माझ्याच्याने व्हायचं नाही.”

ती गाडीत बसली. लेकीचं घर सहा मैलांवर. अंगणात पोचली तेव्हा व्हरांड्यात, सोमवारी जोलीनने नेलेले, आर्डिसच्याच तळघरातले खोके रचलेले दिसले, काहींवर चिकटपट्टी लागलेली. स्वयंपाकघराचा पडदा हलला. कोणी दार उघडलं नाही.

आर्डिसने गाडी बंद केली. काय बोलायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं. ती उतरली आणि पायऱ्या चढू लागली.