वाढदिवसाचं पान्सित

इलोइलोच्या आमच्या सरकारी इस्पितळात ड्यूटीवर कुणी पान्सित खात नाही. त्या शेवया पोटात गेल्या की पेशंटची रांगही तेवढीच लांबते, हे नव्या नर्सलाही ठाऊक असतं. डॉ. पेर्ला हिनोलान इथंच शिकल्या, इथंच सर्जन झाल्या; त्यांनीही हा नियम कधी मोडला नव्हता. आम्ही त्यांना मानांग म्हणतो, थोरली बहीण.

मग अमेरिकेत शिकलेले डॉ. लिआंद्रो व्हेर्गारा विभागप्रमुख म्हणून आले. पहिल्याच बैठकीत मानांगकडे बघून म्हणाले, "तिकडे वर्षानुवर्षं एकेका गुरूच्या हाताखाली घासून घेतात. इथं शिकवतं कोण? गर्दी!" आणि फर्मान काढलं : माझ्या सहीशिवाय हिनोलान एक टाकाही घालणार नाहीत.

बाहेर आल्यावर मानांगनी मला विचारलं, "याचा वाढदिवस कधी असतो गं?"

त्या दिवशी व्हेर्गारांची ड्यूटी होती. मानांगनी परातभर पान्सित आणलं. वाढदिवसाच्या शेवया म्हणजे दीर्घायुष्य, नाही कसं म्हणणार? नर्सेस मात्र किंचाळल्या, "मानांग, आम्ही काय पाप केलंय?"

"तुम्ही नका खाऊ. साहेबांना वाढा."

"अजून या भाकडकथा?" व्हेर्गारा हसले. "म्हणूनच मागं राहिलात." दोन ताटल्या चापल्या.

दुपारी जत्रेला निघालेल्या दोन जीप समोरासमोर धडकल्या.

ज्यांचं रक्त थांबत नव्हतं, त्यांना मानांगनी कुणाला न विचारता हात घातला. सूड त्यानंतर. जिवावरचं निभावलं, फुटकी कपाळं आणि फाटके गुडघे तेवढे उरले, तेव्हा त्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"बघताय काय? टाके घाला!"

"सही, सर?"

"आत्ता?"

"तुमचंच फर्मान. मला गर्दीनं शिकवलंय, चूकबीक झाली तर?"

व्हेर्गारांनी हातमोजे काढले, सही केली, नवे चढवले. पुढच्या पेशंटला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. बाकावरची एक म्हातारी कपाळावरचा बोळा दाबून धरत म्हणाली, "अगं, हा डॉक्टर आहे की कारकून?" सगळा वॉर्ड हसला. साहेबांचे कान लाल झाले.

"रद्द! फर्मान रद्द!"

"तोंडी चालत नाही, सर. लिहा. खाली सही."

त्यांनी लिहून दिलं. मानांगनी कागद खिशात घातला आणि झपाझप टाके घालायला घेतले. शेवटचा पेशंट गेल्यावर गार झालेल्या परातीवरचं झाकण काढलं.

"माझी ड्यूटी संपली," त्या म्हणाल्या, "मला चालतं. तुम्ही घ्या ना थोडं, सर. आयुष्य लांब हवं तुम्हाला. मी काही इथून हलणार नाही."

व्हेर्गारांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग ताटली हळूच दूर सारली.

"नको," ते म्हणाले. "माझी ड्यूटी अजून आहे."