जेडिडायाबाबांची शेवटची सही

सॉल्टर्स पॉइंटला अल्थिया ब्रेनर्डच्या घरी गेलात, की आधी शिंपल्यांचं सूप आणि मग जेडिडायाबाबा, यातून सुटका नाही! बाबा म्हणजे तिचे खापरपणजोबा. देश नवा होता तेव्हा त्या बंदरावर सरकारची जकात वसूल करायचे. त्यांच्या पत्रांची पेटी अल्थियाकडे. म्हाताऱ्या आईला सांभाळण्यात लग्न राहून गेलं, घर तिच्या वाट्याला आलं आणि घराबरोबर पेटीही. समुद्रावरून दमट वारा सुटला की ती पेटी उचलून स्वयंपाकघरात चुलीपाशी ठेवायची.

"बाबांना ऊब आणि तुला सर्दी," भाऊ रॉयल चिडवायचा.

पण पत्रांना खिडक्या होत्या. ब्रेनर्डांची रीतच तशी. घरातल्या प्रत्येक नवरीला बाबांची एक सही कापून लॉकेटात घालून द्यायची. कागदाला मागची बाजूही असते, हे कात्री धरणाऱ्या एकीच्याही ध्यानात आलं नाही. आणि बाबांची खोड अशी, की सही झाल्यावर काही आठवलं तर कागद उलटून लिहायचे.

आता सहीचं एकच पत्र उरलं होतं, आणि रॉयलच्या लोइसचं लग्न ठरलं. चर्च सुटल्यावर बापलेक आले.

"काढ कात्री," रॉयल म्हणाला.

"नाही काढणार."

"सगळ्यांना मिळाली, आणि माझ्याच पोरीला नाही?"

"आत्या, माझं काही चुकलं का?" लोइसने विचारलं. या पोरीची आई गेल्यापासून तिच्या वेण्या अल्थियानेच घातल्या होत्या.

तिने दुसरंच एक पत्र काढून उलटं धरलं. "वाच."

लोइस वाचू लागली. "'वादळात आपली होडी गेली. टूल नावाड्याच्या बायकोला तोंड कसं दाखवू? त्या हवेत त्याला पाठवलं ते...'" पुढे भोक. "कोणी पाठवलं? बाबांनीच?"

"तुझ्या आईच्या लॉकेटात आहे ते."

"दीडशे वर्षांपूर्वी बुडाला तो," रॉयल उखडला. "त्याच्यापायी माझी पोर लंकेची पार्वती?"

पण लोइस ऐकेना. धावत घरी गेली आणि लॉकेट घेऊन आली. आतली सही पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेली. अल्थियाने ओला टीपकागद ठेवला, जीव मुठीत धरून वाट पाहिली आणि सुरीच्या टोकाने ती हळूच सोडवली. मागची शाई गोंदातच राहिली. पुढची सहीही पाणी लागून पसरली. हाती आला नुसता तपकिरी डाग.

"झालं समाधान?" रॉयल म्हणाला. "माझ्या बायकोची एवढी एकच वस्तू होती घरात."

अल्थियाने खणातून कात्री काढली, शेवटचं पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "घे बाळ, कुठून कापू सांग."

लोइसने पत्र उलटलं. "'शेजारणीला कांद्याचं बी द्यायला विसरू नकोस.'"

"कांद्याचं बी!" रॉयल ओरडला. "काप आता!"

लोइसने आत्याच्या हातून कात्री काढून घेतली. पत्र तिने पेटीत ठेवलं आणि तो डागाळलेला तुकडा लॉकेटात घालून ते खटकन मिटलं. "मला आईचाच पुरे."

लग्न झालं. रॉयलने बहिणीकडे पाहिलंही नाही. दरवर्षी सुगीच्या सणाला रॉयलच्या घरी तिच्या भोपळ्याच्या गोड 'पाय'ची पहिली फोड त्याची असायची. या वेळी त्याने फोड न घेताच ताट शेजारच्याकडे सरकवलं.

घरी येऊन अल्थियाने पेटी चुलीपाशी ठेवली. मग खण उघडला. कात्री नव्हती. त्या दिवशी लोइसने नेली होती, ती परत आणलीच नव्हती. अल्थिया कितीतरी वेळ तो खण उघडा ठेवून उभी राहिली. पेटी वाचली होती, पण आता चिडवायला कोण येणार होतं?